ट्रक एका अंगाला कलतो : कमानपाट्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कळंबोलीच्या लोखंड बाजाराजवळ आमचं कमानपाट्याचं काम आहे. कमान म्हणजे चासी आणि एक्सलच्या मध्ये वजन झेलणारी, एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांची स्प्रिंग. आधी वडील करायचे, आता मी करतो. जेएनपीटीचे कंटेनर ओढणारे, तळोजा एमआयडीसीतून माल उचलणारे, तुर्भ्याच्या एपीएमसीत भाजी उतरवून परत निघालेले, भिवंडीच्या गोदामांवर फेऱ्या मारणारे असे सगळे येतात आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "गाडी बसलीय, एक पाटा वाढवून द्या." त्यांना तोंडी जे सांगतो तेच इथे लिहिलंय. एक विनंती आधीच करतो: पाना उचलण्याआधी टेप उचला. मोजल्याशिवाय केलेलं काम महिन्याभरात परत दारात येतं.

१. थोड्याफार सगळ्याच गाड्या कलतात ना? काळजी कधी करायची?

थोड्या कलतात, हे खरं. डिझेलची टाकी एका बाजूला असते, बॅटरी आणि स्टेपनी कुठेतरी एका अंगाला असतात. २०० लिटर डिझेलचंच वजन १६५ किलोच्या घरात जातं. त्यामुळे रिकाम्या गाडीत चासीच्या दोन बाजूंत १० ते १५ मिलिमीटरचा फरक दिसला तर मी ती गाडी खोलत नाही. फरक २० मिलिमीटरच्या पुढे गेला, किंवा दर महिन्याला वाढत असला, तर मात्र कारण शोधायला हवं.

किती कलली यापेक्षा कशी कलली हे जास्त महत्त्वाचं. वर्षभरात हळूहळू बसलेली गाडी आठवडाभर थांबू शकते. सकाळी सरळ होती आणि दुपारी कलली, तर काहीतरी तुटलंय: मेन पाटा (सगळ्यात वरचा), सेंटर बोल्ट (सगळे पाटे मधोमध ओवणारा), शॅकल (कमानीचं एक टोक चासीला जोडणारा हलता दुवा) किंवा हँगर (कमान अडकवायचा चासीवरचा आधार). अशी गाडी पुढे नेऊ नका. मेन पाटा डोळ्यापाशी (टोकाच्या गोल वेटोळ्यापाशी) तुटला की एक्सलला त्या बाजूने धरून ठेवणारं फारसं काही उरत नाही. पुढच्या एक्सलला हे झालं तर स्टेअरिंग हातातून जातं.

२. नेमकं मोजायचं कसं?

जागेपासून सुरुवात करा. गाडी सपाट काँक्रीटवर हवी. डोळ्याला सपाट वाटणारा यार्ड बऱ्याचदा नाल्याकडे उतरता असतो. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या आणि डाव्या-उजव्या चाकाजवळ पातळी बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

मग सगळ्या टायरची हवा सारखी करा. जोडीतल्या आतल्या टायरकडे लोक बघतच नाहीत. तो बसलेला असला की बाहेरचा एकटा वजन घेतो, चपटा होतो आणि गाडी त्या अंगाला जाते. एका बाजूला नवा टायर आणि दुसऱ्या बाजूला घासून गुळगुळीत झालेला असेल, तरी फरक पडतो. हवा झाली की गाडी दहा-वीस फूट पुढे-मागे करून ब्रेक न दाबता थांबवा, म्हणजे कमानी मोकळ्या बसतात.

आता चारही कोपऱ्यांवर दोन-दोन मापं घ्या. पहिलं, एक्सलच्या वरच्या कडेपासून चासीच्या खालच्या कडेपर्यंत. दुसरं, जमिनीपासून चासीपर्यंत. पहिल्या मापात टायर येतच नाही, त्यामुळे कमानीचा दोष तिथे उघडा पडतो. पहिलं माप दोन्हीकडे सारखं आणि दुसरं वेगळं निघालं, तर दोष टायरमध्ये किंवा जमिनीत आहे. कमानीला हात लावायचं कारण नाही.

आकडे कागदावर लिहा. बॉडीच्या कडेवर नजर लावून अंदाज करू नका, कारण तिथे फरक फुगून दिसतो. मागच्या दोन कमानी एकमेकींपासून साधारण एक मीटरवर असतात आणि बॉडी जवळपास अडीच मीटर रुंद. म्हणजे एक कमान १० मिलिमीटर बसली तर बॉडीच्या कडेला २५ मिलिमीटर दिसतात. मालक घाबरून येतात, "चार बोटं कलली" म्हणतात, आणि कमानीवर माप निघतं दीड बोटाचं.

३. मापं घेतली, पण दोष पुढे आहे की मागे हेच कळत नाही.

यात भलेभले फसतात. चासी हा एक लांब सांगाडा आहे. पुढची डावी कमान बसली की मागचा डावा कोपराही खाली ओढला जातो, आणि मग मागची चांगली कमान खोलली जाते.

आम्ही असं करतो. गाडी रिकामी, मागच्या चाकांना दोन्हीकडून गुटके. पुढच्या मजबूत क्रॉसमेंबरच्या (चासीच्या आडव्या तुळईच्या) बरोबर मध्यावर जॅक लावायचा आणि पुढच्या कमानींवरचं वजन उतरेपर्यंत चासी उचलायची. दोन्ही बाजूंना चासीखाली घोड्या (लोखंडी स्टँड) ठेवायच्या, पण टेकवायच्या नाहीत, मध्ये बोटभर जागा सोडायची. आता पुढचा भाग एकाच बिंदूवर तोललेला आहे, म्हणजे चासी कुठे कलायची हे फक्त मागच्या कमानी ठरवतात. मागे एक्सल ते चासी पुन्हा मोजा. फरक जवळजवळ गेला तर दोषी पुढची जोडी. फरक तसाच राहिला तर मागची. अँटीरोल बार (वळणावर गाडी झुकू नये म्हणून दोन्ही बाजू जोडणारा दांडा) असेल तर आधी त्याची एका बाजूची लिंक सोडा, नाहीतर तो चासीला धरून ठेवतो आणि माप खोटं येतं.

रेडिएटरच्या पट्टीखाली किंवा इंजिनाच्या चेंबरखाली जॅक लावू नका. मजबूत क्रॉसमेंबर सापडत नसेल तर हा प्रयोग सोडून द्या.

४. बहुतेक गाड्या डावीकडेच का बसतात?

आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून. पाणी वाहून जावं यासाठी रस्त्याला मधून कडेकडे उतार ठेवतात, साधारण दोन ते अडीच टक्के. दोन चाकांत १.८ मीटर अंतर धरलं तर डावं चाक ३६ ते ४५ मिलिमीटर खाली धावतं. म्हणजे डाव्या कमानीवर आयुष्यभर थोडं जास्त वजन. त्यात खड्डे, तुटलेल्या कडा आणि साचलेलं पाणीही डावीकडेच. घोडबंदर रोडला गायमुखाजवळ किंवा शीळफाट्याला पावसाळ्यात डाव्या लेनने रोज जाणाऱ्या ड्रायव्हरला हे वेगळं सांगायला नको. रात्री गाडी रस्त्याच्या कडेला, डावी चाकं मातीत उतरवून, भरलेली उभी ठेवली जाते, तेव्हाही तीच कमान दबलेली असते.

गाडी उजवीकडे कलत असेल, तर मी झिजेपेक्षा तुटलेल्या भागाचा किंवा एकांगी मालाचा संशय आधी घेतो.

५. पाटा तुटलाय हे बाहेरून कसं ओळखायचं?

लोक कमानीची टोकं बघतात, पण पाटा बहुतेकदा तुटतो मधोमध, सेंटर बोल्टच्या भोकापाशी किंवा यू-बोल्टच्या (कमान एक्सलला आवळणाऱ्या बोल्टच्या) पकडीच्या कडेला. तिथे तो चिमटलेला असतो, म्हणून दोन तुकडे होऊनही जागेवर राहतो आणि दिसत नाही.

आधी तारेच्या ब्रशने चिखल काढा. पाट्याच्या कडेवर वरून खाली तांबूस गंजाची रेघ दिसली तर ती बहुतेक चीर असते, कारण आत पाणी शिरून गंज बाहेर येतो. शंका असेल तिथे डिझेल लावा, पाच मिनिटांनी फडक्याने कोरडं पुसा आणि वर खडू घासा. चिरेत मुरलेलं डिझेल खडूवर काळी रेघ उमटवतं. आमच्याकडे आजही हाच उपाय चालतो आणि तो क्वचितच चुकतो.

दोन पाटे एकमेकांवर सरकल्याची चकचकीत खूण, उघडलेली क्लिप, एका बाजूला बाहेर आलेलं पाट्याचं टोक, हेही इशारेच. मागच्या आठवड्यात एक चौदा टायर आली, वरून सगळं ठाकठीक. यू-बोल्ट सोडले तर तिसरा, चौथा आणि पाचवा पाटा भोकावर सरळ दुभंगलेले. तुटलेल्या कडा गुळगुळीत आणि काळ्या पडल्या होत्या. म्हणजे त्या कालच्या नव्हत्या, कित्येक फेऱ्या तशाच झाल्या होत्या.

६. सगळे पाटे शाबूत आहेत, तरी कलते. मग काय?

कमान चासीला जिथे जोडलेली असते तिथे बघा. शॅकल पिन आणि बुश (पिनेभोवतीचं अस्तर) झिजले की कमानीचा डोळा वरखाली खेळतो. डोळ्याखाली पहार घालून हलवून बघा, खडखडलं तर कळतं. ग्रीसचं निपल चिखलाने बुजलं असेल तर पिन कोरडी फिरते आणि अंडाकृती झिजते. कधी शॅकल मागे झुकायच्या ऐवजी पुढे उलटलेला किंवा अडकलेला असतो. मग कमान सुटी होऊ शकत नाही आणि ती बाजू वेगळ्याच उंचीवर राहते.

हँगरचे रिव्हेट ढिले झाले असतील तर भोवती गंजाची पूड दिसते. आणि चासी! हँगरच्या वरच्या भोकापासून निघालेली चीर बघायला बॅटरी घेऊन आडवं व्हावं लागतं, पण व्हा. चासीला चीर असताना नवीन कमान घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

शॉकॲब्सॉर्बर बदलून कलणं जात नाही. तो उसळी थांबवतो, वजन उचलत नाही.

७. चासी सरळ निघाली, बॉडीच कललीय. असं होतं का?

होतं, आणि दिसतं त्याहून जास्त वेळा होतं. चासी आणि बॉडीच्या मध्ये लाकडी पट्टी असते. ती पाणी पिऊन कुजते, एका बाजूला चेपते. बॉडीचे क्लॅम्प ढिले पडतात, आडवे चॅनेल वाकतात. कॅबिनचे रबर माउंट बसले तर फक्त कॅबिन कलते. प्रश्न २ मधल्या मापांत चासी सरळ आली, तर बॉडीवाल्याकडे जा.

८. सरळ एक पाटा वाढवला तर काय बिघडतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ९ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा घातला तर तो पाटा ३७ टक्के जास्त कडक होतो. १० च्या जागी १२ घातला तर ७३ टक्के. डोळ्याला एक-दोन मिलिमीटर काहीच वाटत नाहीत, गाडीला फार वाटतात. एकाच बाजूला असा पाटा घातला की रिकामी गाडी सरळ दिसते, मालकही खूश होतो. पण माल भरला की दुसरी बाजू जास्त दबते आणि गाडी उलट्या अंगाला कलते. मग तो परत येतो, म्हणतो, दुसऱ्या बाजूलाही एक घाला. दोन महिन्यांनी हँगर फाटलेला असतो.

माझ्यासमोर घडलेली गोष्ट. उरण फाट्याकडून एक दहा टायर आली होती. दुसरीकडे कुठेतरी तिला डावीकडे दोन आणि उजवीकडे एक असे जादा पाटे घातले होते. खोलल्यावर दिसलं की मूळ दोष डाव्या शॅकलच्या बुशचा होता. बुश पार संपून पिन हँगरला खात होती. त्या बुशचा खर्च तीन पाट्यांच्या खर्चापुढे काहीच नाही. त्या ड्रायव्हरदादांनी चार महिने पाठीला पट्टा बांधून गाडी चालवली होती, इतकी ती कडक झाली होती. ते आठवलं की अजूनही वाईट वाटतं.

दुसरं नुकसान ब्रेकचं. बऱ्याच ट्रकना मागे लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. एक्सल आणि चासीतलं अंतर बघून तो ठरवतो की मागच्या ब्रेकला किती हवा सोडायची. कमान कडक केली की माल भरूनही चासी खाली येत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी देतो. मुंब्रा बायपासच्या उतारावर भरलेल्या गाडीला हे परवडणारं नाही. कमानीत बदल केला असेल तर व्हॉल्व्हची लिंक कंपनीच्या मापाने पुन्हा लावून घ्याच.

तिसरं, पाटा वाढवून आरसीवरची क्षमता वाढत नाही. त्याबद्दल प्रश्न १९ बघा.

पाटा वाढवणं नेहमीच चूक, असं मी म्हणत नाही. कंपनीने त्याच मॉडेलला जास्त पाट्यांची कमान दिलेली असेल, तर दोन्ही बाजूंना पूर्ण तोच संच बसवता येतो. एका बाजूला एक पाटा मात्र नाही.

९. पाटा नको, तर लाकडी गुटका किंवा लोखंडी पॅकिंग?

लाकूड अजिबात नको. ते चेपतं, यू-बोल्ट ढिले पडतात आणि एक्सल सरकतो. लोखंडी पॅकिंगही पुढच्या एक्सलला मी घालत नाही. कॅस्टरसाठी (स्टेअरिंगच्या कोनासाठी) कंपनीची टेपर पट्टी असते, ती वेगळी, आणि ती दोन्हीकडे लागते. पॅकिंगने उंची मिळते, पण ज्यामुळे ती गेली ते तसंच खाली बसलेलं असतं.

१०. जुन्या पाट्यांना कमान चढवून मिळते. टिकते का?

कशी चढवली त्यावर आहे. पाटे साध्या लोखंडाचे नसतात, ईएन ४५ किंवा एसयूपी ९ अशा स्प्रिंग स्टीलचे असतात. साडेआठशे-नऊशे अंशांपर्यंत तापवून तेलात विझवायचं आणि मग चारशे ते पाचशे अंशांवर पुन्हा मुरवायचं, तेव्हा त्यांना ताण सोसायची ताकद येते. भट्टी आणि तेलाची टाकी असलेला कारागीर हे नीट करून देतो आणि तशी कमान बरीच चालते. थंड पाटा ऐरणीवर ठेवून हातोड्याने ठोकला तर गोलाई येते खरी, पण भरलेल्या गाडीखाली ती काही आठवड्यांत उतरते. गॅसच्या ज्योतीने मध्येच लाल करून वाकवलेला पाटा सगळ्यात वाईट. जिथे ज्योत लागली तिथे तो मऊ पडतो किंवा ठिसूळ होतो.

पाट्यावर चीर, खोल गंज किंवा झिजून खाच पडली असेल तर कमान चढवू नका, पाटा बदला.

११. तुटलेला पाटा वेल्डिंग करून चालेल? निदान घरी पोचण्यापुरता?

नाही. वेल्डिंगच्या शेजारची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते आणि पुन्हा तिथेच तुटते. पाट्याजवळ दुसरं वेल्डिंग करायचं असेल तर पाटे झाकून घ्या. एक ठिणगी पडली तरी तिथून चीर सुरू होऊ शकते. अर्थिंग कमानीला लावू नका आणि बॅटरी सोडून ठेवा.

१२. एका बाजूचीच कमान बदलू की दोन्ही?

एक्सलच्या दोन्ही बाजूंची. नवी कमान उंच, जुनी बसलेली, असं ठेवलं तर गाडी आता दुसऱ्या अंगाला कलेल. पैशांची अडचण खरी असते, मला रोज दिसते. तेव्हा मी दोन्ही कमानी खोलतो, चांगले पाटे जुळवून दोन सारख्या जोड्या लावतो आणि फक्त मेन पाटा व दुसरा पाटा दोन्हीकडे नवे घालतो. पाटे वजनावर मिळतात, त्यामुळे पूर्ण संचापेक्षा हे बरंच हलकं पडतं.

अपवाद : कमान अगदी नवी असताना अपघातात एक पाटा तुटला, तर तेवढाच बदला, पण जाडी, रुंदी आणि गोलाई जुळवून. आणि खरेदीआधी पार्ट नंबर बघा. काही मॉडेलमध्ये डावी आणि उजवी कमान मुळातच वेगळी असते. त्या अदलाबदल झाल्या तर नवी गाडीही कलते.

१३. यू-बोल्ट जुनेच लावले तर?

ओढले गेलेले यू-बोल्ट पुन्हा तितके घट्ट बसत नाहीत. कमान बदलली की यू-बोल्ट, नट आणि सेंटर बोल्ट नवे. चारही नट आळीपाळीने, कर्णरेषेत कसा, टॉर्क पान्याने, कंपनीच्या आकड्याला. पहिली भरलेली फेरी झाली की पुन्हा कसा, कारण पाटे एकमेकांवर बसतात आणि पकड सैल होते. आमच्याकडे या दुसऱ्या कसण्याचे पैसे घेत नाही, तरी निम्मे लोक येत नाहीत. कृपया या. बरेचसे सेंटर बोल्ट ढिल्या यू-बोल्टमुळेच तुटतात.

१४. आमच्या यार्डात आम्हीच बदलू शकतो का?

मोजणं, धुणं, ग्रीस, बुश तपासणं जरूर करा. कमान खोलणं मात्र अनुभवी माणूस सोबत असेल तरच. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, चासीखाली दोन्हीकडे घोड्या हव्यातच. उतारावर किंवा पावसाने भिजलेल्या मुरमावर जॅक लावू नका, तो रुततो. आणि सुट्या कमानीचा सेंटर बोल्ट काढण्याआधी तिला दोन्हीकडून क्लॅम्पने आवळा. पाट्यांची गोलाई वेगवेगळी असते आणि बोल्ट त्यांना दाबून धरतो. तो सुटला की पाटे उसळतात. बोटं गेलेली मी पाहिली आहेत.

१५. आमच्या गाडीला दोन-तीन जाड पाट्यांची पॅराबोलिक कमान आहे. तिला हेच नियम?

मोजणी तीच. फरक एवढाच की एक पाटा तुटला तर निम्मी किंवा तिसरा हिस्सा ताकद एकदम जाते, त्यामुळे ती एकाएकी कलते. तिच्या पाट्यांच्या मध्ये फक्त टोकांना आणि मध्यावर टेकू असतो, बाकी जागा मोकळी ठेवायची. त्या फटीत साधा पाटा सरकवणं हे मी पाहिलेलं सगळ्यात घातक काम आहे. आणि तिला गोलाई चढवू नका, संचच बदला.

१६. रिकामी असताना कलते, भरल्यावर सरळ होते. आणि दुसरी गाडी नेमकी उलट वागते. असं का?

रिकामी कलते आणि भरल्यावर सरळ होते, त्या गाडीत बहुधा एका बाजूचे पाटे गंजून एकमेकांना चिकटलेले असतात. हलक्या वजनाला ते सरकत नाहीत. खोलून घासून ग्रॅफाइट ग्रीस लावलं की सुटतात. कधी एका बाजूचा शॅकल अडकलेला असतो (प्रश्न ६).

भरल्यावरच कलणाऱ्या गाडीत आधी माल बघा. लोखंडी पाइप किंवा कॉइल मध्यापासून एक वीत बाजूला ठेवली तरी फरक पडतो. माल मध्यावर असूनही कलत असेल तर हेल्पर कमान (मुख्य कमानीवरची जादा कमान, माल भरल्यावरच टेकते ती) बघा. एका बाजूचा हेल्पर तुटलेला असेल, किंवा तो ज्यावर टेकतो तो पॅड पडून गेलेला असेल. रिकाम्या गाडीत हेल्पर कामच करत नाही, म्हणून दोष लपून राहतो.

१७. दहा-बारा टायरच्या बोगीत किंवा एअर सस्पेन्शनमध्ये काय बघायचं?

बोगीत, म्हणजे मागच्या दोन एक्सलच्या जोडीत, कमान मधल्या ट्रनियनवर (जाड आडव्या पिनेवर) बसते आणि तिची दोन टोकं दोन एक्सलवर टेकतात. तिथे एका बाजूचा ट्रनियन बुश गेला की पूर्ण बाजू खाली येते, आणि लोक पाटे मोजत बसतात. टॉर्क रॉडचे (एक्सलला जागेवर धरणाऱ्या दांड्यांचे) रबर बुशही बघून घ्या. मोजताना दोन्ही मागचे एक्सल धरा.

एअरमध्ये कमानीच्या जागी हवेचे रबरी फुगे असतात. सकाळी कललेली गाडी इंजिन चालू केल्यावर सरळ होत असेल, तर हवा गळतेय. फुग्यावर, नळीच्या जोडावर, व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाका, बुडबुडे दिसतील. पूर्ण हवा भरूनही कलत असेल तर लेव्हलिंग व्हॉल्व्हची (गाडीची उंची राखणाऱ्या व्हॉल्व्हची) लिंक वाकलेली किंवा सुटलेली असते. ती सरळ न करता व्हॉल्व्हच बदलणारे भेटतात, म्हणून आधी लिंक दाखवायला सांगा. हवा पूर्ण सोडल्याशिवाय फुग्याला हात लावू नका.

१८. कलत नाही, पण मागून बघणारे म्हणतात गाडी तिरकी चालते.

बहुधा सेंटर बोल्ट तुटून एक्सल एका बाजूला मागे सरकलाय. दोन्ही बाजूंना पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत टेप लावा, स्टेअरिंग सरळ ठेवून. दोन मापं सारखी हवीत. फरक दिसला तर गाडी तिथेच थांबवा. अलाइनमेंटवाल्याकडे नेऊन हे सुटत नाही, आधी कमान.

१९. कललेली गाडी पासिंगला अडवतील का?

फिटनेस तपासताना सस्पेन्शन बघतातच. तुटलेला पाटा, जोड दिलेला पाटा, चिरलेला हँगर दिसला तर गाडी परत पाठवू शकतात, मग ती एमएच-०४ असो, एमएच-४३ असो की एमएच-४६. माल वाहणाऱ्या गाडीला आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस लागतो. तारखेच्या आदल्या दिवशी येऊ नका, पंधरा दिवस आधी या.

वजनाचं म्हणाल तर २०१८ मध्ये चार टायरच्या एका एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. तेव्हा बऱ्याच जणांनी जुन्या गाड्यांना पाटे वाढवून घ्यायची घाई केली. तुमच्या गाडीची क्षमता तुमच्या आरसीवर लिहिलेली तेवढीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, जादा मालाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. शिवाय माल तिथेच उतरवावा लागतो.

२०. कमानीला जळालेलं ऑइल मारावं का?

जुन्या साध्या कमानीवर पिढ्यान्‌पिढ्या मारत आलेत. माझं मत विरोधात आहे. ऑइलवर धूळ बसून सँडपेपरसारखी लेप तयार होते आणि रबर बुश ऑइलने फुगून सडतात. पावसाळ्यानंतर, आणि उरण-न्हावाशेवाच्या खाऱ्या हवेत फिरणाऱ्या गाड्यांनी महिन्यातून एकदा, कमान गोड्या पाण्याने धुवावी आणि सगळ्या निपलना जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरावं. एवढं पुरतं.

२१. टिपर थोडा कलतो. खडी रिकामी करण्यापुरता वापरला तर?

नका वापरू. टिपरची बॉडी उचलली की वजन वर जातं आणि कलणं अनेक पटींनी वाढतं. चासीजवळ ३० मिलिमीटरचा फरक असेल तर उभ्या बॉडीचं टोक त्याच्या कितीतरी पट बाजूला जातं. त्यात ओला माल एका कडेला चिकटून राहिला की गाडी आडवी होते. कमान दुरुस्त होईपर्यंत त्या टिपरमधला माल जेसीबीने किंवा हाताने उतरवा. बॉडी उचलताना कोणालाही बाजूला उभं राहू देऊ नका, कलत नसलेल्या टिपरलाही.

२२. फोनवर विचारायचं असेल तर तुम्हाला काय पाठवू?

फक्त गाडीचा पाठमोरा फोटो पाठवू नका, त्यातून काही कळत नाही. प्रश्न २ मधली आठ मापं पाठवा आणि गाडी रिकामी होती की भरलेली ते लिहा. कलणं हळूहळू आलं की अचानक, कमान शेवटची कधी खोलली आणि तेव्हा कुठे किती पाटे घातले, तेही सांगा. दोन्ही बाजूंच्या कमानींचे चिखल पुसून जवळून काढलेले फोटो, शॅकल आणि सेंटर बोल्ट दिसतील असे. ड्रायव्हरदादांना विचारून लिहा, कारण वळणावर, ब्रेकला, स्पीडब्रेकरवर गाडी काय करते हे मालकापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.